वादळ, तार आणि तलवाडा

गेवराई तालुक्यातले तलवाडा हे गाव त्वरितादेवीचे ठाणे म्हणून ओळखले जाते. त्वरिता म्हणजे हाकेसरशी धावून येणारी. देवीच्या टेकडीवरून खाली पाहिले, की कापूस, ऊस, तूर, बाजरीच्या शेतांमधून खांबांच्या रांगा जाताना दिसतात. त्या खांबांवरच्या तारांच्या बाबतीत मात्र ‘त्वरित’ हा शब्द गावात सहसा कोणी वापरत नाही. मे महिन्यात दुपारी आभाळ भरून येते, वावधान सुटते, पत्रे वाजू लागतात आणि पहिला टपोरा थेंब पडायच्या आत लाईट जाते. वादळ वीस मिनिटांत ओसरते. लाईट कधी दोन तासांनी येते, कधी दोन दिवसांनी.

आपल्या भाषेत लाईट ‘जाते’ आणि ‘येते’, माहेरवाशिणीसारखी. ती जाते म्हणजे नेमके काय होते, हे फारसे कोणी विचारत नाही. रागाच्या भरात आपण ‘वीज मंडळ’ असे म्हणून मोकळे होतो. ते मंडळ ६ जून २००५ रोजीच महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा तीन कंपन्यांत वाटले गेले, तरी तोंडातला शब्द गेलेला नाही. ही वाटणी मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. वीज तयार करणे, ती लांबवर वाहून नेणे आणि घराघरांत पोचवणे ही तीन वेगळी कामे आहेत, आणि हवामान या तिघांवर तीन वेगळ्या तऱ्हांनी घाला घालते. कोणता घाला कुठे बसला, हे कळल्याशिवाय अंधाराचे कारण कळत नाही.

सुरुवात दुष्काळापासून करू. आमच्या जिल्ह्याला वादळापेक्षा त्याचीच ओळख जास्त. परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. पुढे संच वाढत गेले आणि २०१३ मध्ये तिथे २१० मेगावॉटचे तीन व २५० मेगावॉटचे दोन, अशी ११३० मेगावॉटची क्षमता उभी होती. त्या वर्षी फेब्रुवारीत ते अख्खे केंद्र बंद करावे लागले. कोळसा होता, यंत्रे धड होती, पाणी नव्हते. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातले पाणी संपले आणि वर जायकवाडीतही द्यायला काही उरले नव्हते. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तेच झाले.

औष्णिक केंद्राला इतके पाणी कशाला लागते, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, त्या वाफेने चक्र फिरवायचे, आणि फिरवून झाल्यावर तीच वाफ थंड करून पुन्हा पाणी करायची, असा हा फेरा आहे. वाफेचे पाणी फारसे वाया जात नाही. वाया जाते ते तिला थंड करणारे पाणी, कारण शीतकरण मनोऱ्यांतून ते हवेत उडून जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी एका युनिटमागे साडेतीन लिटर अशी मर्यादा घातली. ती धरून हिशेब केला, तर ११३० मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालवायला सुमारे साडेनऊ कोटी लिटर पाणी लागेल. माणशी दिवसाला ५५ लिटर या ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या मापाने हे सतरा लाख माणसांचे पाणी झाले. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. तेव्हा टँकरच्या दिवसांत परळीचे संच बंद ठेवणे हा निर्णय दुःखाचा असला, तरी चुकीचा होता असे मला वाटत नाही.

पण मुद्दा पुढेच आहे. तलवाड्याहून परळी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. एवढे मोठे केंद्र महिनोन्‌महिने थंड पडले, म्हणून तलवाड्यातले दिवे विझले नाहीत. भारनियमन होते, ते आधीपासूनच होते आणि त्याची कारणे वेगळी होती. अकराशे मेगावॉट गेले तर गावाला कळत नाही, आणि बांधावरच्या लिंबाची एक फांदी तारेवर पडली तर गाव दोन दिवस अंधारात राहते. या विसंगतीत या विषयाचे मर्म आहे.

पहिल्या अर्ध्याचे उत्तर खळ्यावरच्या मळणीत सापडते. तिवड्याला बांधलेली बैलांची पात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वीजजाळे समजायला अभियंता होण्याची गरज नाही. सगळे बैल एकाच दाव्यात, एकाच चालीने फिरतात. एक बैल बसला, तर त्याचे ओझे बाकीच्यांवर येते, चाल क्षणभर मंदावते, पण मळणी थांबत नाही. देशातली लहानमोठी वीजकेंद्रे अशीच एका दाव्याला बांधलेली आहेत. त्यांची चाल म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने. परळीचे चक्र मिनिटाला तीन हजार फेरे घेते ते याच हिशेबाने. वीज साठवून ठेवण्याची सोय फार थोडी असल्याने, ज्या क्षणी जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली, की चाल पन्नासाच्या खाली येऊ लागते. मागणी घटली, की वर जाते. परळी बसली तेव्हा चंद्रपूर, कोराडी, कोयना आणि राज्याबाहेरचे कितीतरी बैल चालतच होते.

पात जितकी लांब तितकी ती भक्कम, पण एक धोका असतो. दावे ताणले गेले, तर सगळी पातच कोलमडते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला हेच घडले. मोसमी पाऊस लांबला होता. उत्तरेतल्या शेतकऱ्यांचे विहिरींवरचे पंप अहोरात्र चालू होते आणि पश्चिमेकडून उत्तरेकडे विजेचा लोंढा वाहत होता. मध्य प्रदेशातल्या बिना ते ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या वाहिनीवर त्याचा भार वाढत गेला. तिथल्या रक्षक यंत्रणेला तो भार बिघाडासारखा दिसला आणि तिने वाहिनी तोडली. पहिल्या दिवशी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तरेचे जाळे पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी पडली आणि साठ कोटींच्या आसपास लोकवस्तीचा प्रदेश विजेविना राहिला. आपले पश्चिमेचे जाळे त्यातून वाचले. ना वादळ होते ना पूर. न पडलेला पाऊस होता, आणि तोही हवामानाचाच एक टोकाचा प्रकार आहे हे आपण विसरतो.

त्यानंतर नियम कडक झाले, वाहिन्या वाढल्या. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळेही उरलेल्या देशाशी जोडले गेले. आपल्या सोलापुरातून गेलेल्या त्या तारेने काश्मीर ते कन्याकुमारी एक चाल केली, ही गोष्ट मराठी पुस्तकांत कुठे नोंदलेली माझ्या वाचनात नाही. जोडलेले असण्याची किंमत कळायला अमेरिकेतल्या टेक्सासकडे पाहावे. त्या राज्याने आपले बहुतांश जाळे शेजाऱ्यांपासून मुद्दाम वेगळे ठेवले. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात तिथली गॅसची केंद्रे आणि गॅसच्या विहिरीच गारठून बंद पडल्या आणि शेजाऱ्यांकडून पुरेशी वीज आणायला रस्ता नव्हता. सारे जाळे कोसळायला काही मिनिटेच उरली होती. राज्याच्या अधिकृत मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. एवढे श्रीमंत राज्य, पण त्याचा बैल एकटा होता.

थोडक्यात, आपले मोठे जाळे बऱ्यापैकी दणकट आहे. आता त्या लिंबाच्या फांदीकडे वळू.

मोठ्या मनोऱ्यांवरून ७६५ किंवा ४०० केव्हीने आलेली वीज २२०, १३२, ३३ असे टप्पे उतरत शेवटी ११ केव्हीच्या वाहिनीवर येते आणि तिथून रोहित्रातून, म्हणजे आपल्या डीपीतून, घरापर्यंत. या तारांना कारखान्यात प्राण्यांची नावे आहेत. ४०० केव्हीची तार ‘मूस’, २२० ची ‘झेब्रा’, १३२ ची ‘पँथर’, ३३ ची ‘डॉग’, आणि गावाकडे येणारी ‘रॅबिट’ किंवा ‘विझल’, म्हणजे ससा आणि मुंगसासारखा दिसणारा एक बारीक प्राणी. नावे देणारा इंग्रज गमतीदार असावा. सांबरापासून निघालेली वीज आपल्यापर्यंत येईतो ससा होते आणि वादळाला तोंड मात्र सशाला द्यावे लागते.

जाडी हा एक फरक. त्याहून मोठा फरक आखणीचा आहे. वरच्या जाळ्यात एका ठिकाणी पोचायला दोन-तीन वाटा असतात. एक बंद झाली, तर दुसरीने वीज येते. गावाकडची ११ केव्ही वाहिनी झाडाच्या फांदीसारखी एकेरी असते. उपकेंद्रातून निघाली, की वस्त्या-वाड्या करत पुढे जाते आणि कुठेतरी संपते. मध्ये तुटली, की तुटल्या जागेच्या पुढचे सारे अंधारात. बहुतेक वेळा मागचेही अंधारात, कारण बिघाड झाला की उपकेंद्रातला ब्रेकर अख्खी वाहिनी बंद करतो. मग वायरमन बॅटरी घेऊन चिखलातून खांबाखांबाने चालत निघतो. वाटेत जागोजाग एबी स्विच असले आणि ते गंजलेले नसले, तर बिघडलेला तुकडा वेगळा करून बाकीच्यांना लवकर वीज देता येते. एका निवृत्त वायरमनने मला सांगितले होते, की त्याच्या नोकरीतला बहुतेक काळ तार जोडण्यात गेलाच नाही, तो तुटलेली तार शोधण्यात गेला.

हवामान या शेवटच्या तुकड्याला कुठे धरते ते आता पाहू. वाऱ्याचे गणित लोकांना चटकन पटत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यात सुखरूप राहिलेली ओळ ऐंशीच्या वाऱ्यात टिकेलच असे नाही. त्यात आमची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. दरवर्षीच्या या श्वासोच्छ्वासाने खांबाचे बूड ढिले होते आणि खांब कलतो. एक खांब कलला, की तारेचा ताण शेजारच्या खांबांवर जातो. वादळात पाच-सात खांब ओळीने पडलेले दिसतात, तेव्हा ते सगळे वाऱ्याने पडलेले नसतात. एक वाऱ्याने पडलेला असतो, बाकीचे त्याने ओढून नेलेले असतात.

उष्णतेचे गणित याहून गमतीचे आहे. दोन खांबांमध्ये साठ मीटरचे अंतर धरू. पौषातल्या पहाटेची गार तार आणि वैशाखातल्या दुपारी उन्हाने व भाराने तापलेली तार यांच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. एवढ्या फरकाने तार किती लांबते? पाच-सहा सेंटिमीटर. हे ऐकून माणूस हसतो. पण ही वाढ आडवी जात नाही, ती झोळात उतरते. जवळजवळ सरळ ताणलेल्या दोरीला वीतभर ढील दिली, तर मधला भाग हातभर खाली येतो, हे वाळत घातलेल्या गोधडीने प्रत्येक बाईला शिकवलेले आहे. झोळ पडलेल्या तारा वाऱ्यात एकमेकींवर आपटतात, ठिणग्या पडतात आणि खाली पाचटाने वाळलेला, तोडीला आलेला ऊस असतो. ‘शॉर्टसर्किटने ऊस जळाला’ ही बातमी गोदाकाठी नवी नाही. शेतकरी मग तारांना दगड बांधून ताण देतात, मधे बांबूची काठी अडकवतात. हा जिवावरचा खेळ आहे, पण त्यामागची समज अचूक आहे. त्याच कामासाठी महावितरण तारांमध्ये ‘स्पेसर’ बसवते.

आणि रोहित्र. पेटीतले तेल आतल्या गुंडाळ्यांना गार ठेवते. ते गार राहण्यासाठी बाहेरची हवा गार लागते. ४३-४४ अंशांच्या हवेत ते आधीच कढत असते. आतले कागदाचे वेष्टण ठरल्या मर्यादेपेक्षा सहा-सात अंश जास्त तापत राहिले, तरी त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यावर शेवटचा घाव आपण घालतो. शंभर केव्हीएच्या रोहित्रावर पाच अश्वशक्तीच्या पंधरा मोटारी चालू असतील, तर भार ऐंशी केव्हीएच्या आसपास, म्हणजे आवाक्यात आहे. पण मोटार सुरू होतानाच्या क्षणी चालू मोटारीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. रात्री-अपरात्री लाईट आल्यावर विहिरीवर जायला नको, म्हणून प्रत्येकाने ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाईट आली, की पंधराच्या पंधरा मोटारी एका क्षणी उठतात आणि शंभराच्या रोहित्रावर चारशे-पाचशेचा धक्का बसतो. फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असेल, तर तो धक्का थेट गुंडाळ्यांत जातो. वादळातून वाचलेले रोहित्र लाईट परत येताना जळते ते असे. ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन दरवर्षी होते. ते बरोबरही आहे. मात्र ऑटो बसवणाऱ्याला दोष देण्याआधी तो का बसवला हे पाहावे. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज पुरवठा काही दिवस दिवसाचा आणि काही दिवस रात्रीचा, असा पाळीने येतो. पौषाच्या थंडीत रात्री दोनला, विंचू-सर्पाच्या वाटेने बॅटरी घेऊन बटन दाबायला जायचे, की एका छोट्या भागात ते काम उरकायचे? मी शेतकऱ्याच्या जागी असतो, तर मीही ऑटोच बसवला असता.

पुरात वीज जाते तिची तऱ्हा वेगळी, कारण तेव्हा ती बरेचदा हातानेच घालवलेली असते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने जे पाहिले ते वाचकांच्या डोळ्यांपुढे ताजे आहे. आष्टी तालुक्यात माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. महिनाअखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटले आणि गेवराई तालुक्यातली गोदाकाठची गावे, राक्षसभुवनचे शनिमंदिर, सारे पाण्याखाली किंवा पाण्यात आले. ज्या नदीत पाणी नाही म्हणून परळी थांबली होती, तीच ही नदी. पाणी चढू लागले, की तार आणि पाण्याची पातळी यांतले अंतर घटते. होडीत उभ्या राहिलेल्या माणसाचा हात तारेला लागू शकतो. रोहित्राची पेटी बुडली, तर आजूबाजूच्या पाण्यात प्रवाह उतरतो. म्हणून पुराच्या गावांचा पुरवठा आधीच तोडतात. गावाला वाटते, पाण्याआधी लाईटने दगा दिला. खरे तर त्या घटकेला अंधार सुरक्षित असतो. दगा नंतर होतो. पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेली पेटी, चिखलात सैल झालेले खांब, ओलसर मीटर आणि भिंती यांची तपासणी न करता वीज सोडता येत नाही, आणि एका वायरमनकडे अनेक गावे असतात. तोवर पिण्याच्या पाण्याची मोटार बंद, पिठाची गिरणी बंद, दवाखान्यातली लसींची पेटी बंद, टॉवरची बॅटरी उतरली, की मोबाइलही बंद. मग वीज गेली आहे, हे कळवायचे कसे?

कोकणाने हा धडा आमच्या आधी गिरवला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडे खांब काड्यांसारखे मोडले. राज्याच्या इतर भागांतून पथके गेली, तरी कित्येक वाड्यांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. उपकेंद्रे आणि मोठ्या वाहिन्या तुलनेने लवकर उभ्या राहिल्या, अखेरची वाडी मात्र शेवटी. अलिबागेत चक्रीवादळाच्या धोक्यासाठीच्या राष्ट्रीय योजनेतून भूमिगत वाहिन्यांचे काम हाती घेतले गेले. ते योग्यच आहे, पण तलवाड्याला तो उपाय नाही. दाट वस्तीच्या शहरात भूमिगत केबलचा कित्येक पट खर्च घराघरांत वाटला जातो. इथे एका वस्तीवर चार घरे आणि पुढची वस्ती दोन किलोमीटरवर. त्यात भेगाळणाऱ्या मातीत बिघाड शोधायला खणत बसावे लागेल ते वेगळेच. मधला मार्ग आहे तो वेष्टण घातलेल्या, एकत्र वळलेल्या एबी केबलचा. तिच्यावर फांदी पडली, तरी ठिणगी उडत नाही. आकडा टाकता येत नाही हा तिचा दुसरा गुण, आणि तीच तिच्या लोकप्रियतेच्या आड येणारी गोष्ट.

आकड्याचा विषय निघालाच आहे, तर पैशांचे बोलू. २००५ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत भारनियमनाचे तास ठरवताना वाहिन्यांचे गळती आणि वसुलीवरून अ, ब, क, ड असे गट पाडले होते. ज्या वाहिनीवर चोरी आणि थकबाकी जास्त, तिच्यावर अंधार जास्त. कंपनीच्या बाजूने पाहिले, तर हा न्याय समजण्यासारखा आहे. पण वाहिनीवरच्या शेवटच्या खांबाकडून पाहा. व्होल्टेज पुरेसे नाही, म्हणून मोटार जळते. मोटार जळते, म्हणून बिल भरायचे जिवावर येते. वसुली नाही, म्हणून देखभालीला पैसा आणि माणूस मिळत नाही. देखभाल नाही, म्हणून पहिल्याच वावधानात वाहिनी पडते. यात कोणी एक खलनायक नाही, आणि म्हणूनच हा फेरा तोडायला कोणी पुढे येत नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल सरकार भरते. बिल शून्य आले, की आपण ग्राहक उरलो नाही, असे अनेकांना वाटू लागले आहे. तसे नाही. पैसे शासनाने भरले, तरी ते त्या ग्राहकाच्या नावेच भरलेले असतात.

हिशेबातली आणखी एक फट सांगतो. पुरवठा किती तासांत पूर्ववत व्हावा आणि न झाल्यास भरपाई काय, याची कृतिमानके राज्य वीज नियामक आयोगाने ठरवून दिली आहेत. मात्र पूर, चक्रीवादळ, वीज कोसळणे अशा आपत्तींत ती लागू होत नाहीत. दैवी आपत्ती क्वचित येत होती तेव्हा ही सूट रास्त होती. अवकाळी पाऊस आता दर मार्च-एप्रिलला येतो. मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही, आणि २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस मेमध्येच राज्यात शिरला. जे दरवर्षी होते, त्याला अपवाद किती काळ म्हणायचे, हा प्रश्न वीजतज्ज्ञांइतकाच भाषेच्या माणसांनीही विचारावा असा आहे.

गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या झाल्याने गावातल्या घरांना चोवीस तास वीज मिळू लागली, हे मोठे काम झाले. मात्र आमच्याकडची बरीच माणसे गावठाणात राहत नाहीत, शेतवस्तीवर राहतात. त्यांच्या घरात येणारा दिवा शेतीच्याच तारेवरचा. दुरुस्तीच्या रांगेत आधी उपकेंद्र, मग ३३ केव्ही, मग गावठाण, मग पाणीपुरवठा आणि शेवटी शेतीची वाहिनी येते. हा क्रम चुकीचा नाही. पण त्या शेवटच्या वाहिनीवर मोटारीच नव्हे, तर लेकरेही आहेत, याची नोंद रांगेत नाही.

सौरऊर्जेने हे सुटेल असे पुष्कळांना वाटते. राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची, ही तिची कल्पना मला मनापासून पटते. रात्रीची पाळी संपली, तर ऑटोही आपोआप सुटेल. पण वादळातल्या अंधारावर तो इलाज नाही. जाळ्याला जोडलेली सौर यंत्रणा, मग ती शेतातली असो वा घराच्या माळवदावरची, जाळे बंद पडताच स्वतःही बंद होते. ती तशीच बनवलेली असते. ती चालू राहिली, तर बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनला उलट बाजूने आलेली वीज मारील. घरावर पॅनेल आणि घरात अंधार, वर लख्ख ऊन, हे दृश्य पाहून फसवणूक झाल्यासारखे वाटते, तरी त्यामागे कोणाचा तरी जीव राखलेला असतो. (जनरेटर किंवा इन्व्हर्टर आकड्यासारखा घरच्या बोर्डात खुपसणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) अंधारात उजेड हवा, तर बॅटरी आणि जाळ्यापासून वेगळे करणारा स्विच लागतो. निदान दवाखाना, पाण्याची टाकी आणि ग्रामपंचायत या तीन जागी तरी तो असायला हवा. एका गावाच्या आवाक्यातला खर्च आहे.

राहिले ते आभाळातल्या विजेचे. मराठवाड्यात वीज पडून माणसे-जनावरे दगावल्याच्या बातम्या उन्हाळी वादळांत आणि परतीच्या पावसात हमखास येतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे इशारा देणारे अॅप केले ते त्यासाठीच. हीच वीज तारेवर किंवा तारेजवळ पडली, की क्षणार्धात लाखो व्होल्टची लाट वाहिनीतून धावते. तिला अडवायला रोहित्राच्या डोक्यावर ‘लायटनिंग अरेस्टर’ असतो. नाव अडवणाऱ्याचे असले, तरी त्याचे काम वाट देण्याचे आहे. नेहमीच्या दाबाला तो बंद दार असतो, लाट आली की दार उघडून तिला जमिनीत सोडतो. सगळी मदार त्या ‘जमिनीत’ या शब्दावर आहे. खांबापासून खाली गेलेली पट्टी एका खड्ड्यात, मीठ-कोळशाच्या थरांत पुरलेली असते. भोवतीची माती ओली असेल, तर ती विजेला सहज पोटात घेते. माती कोरडी झाली, की घेत नाही, आणि आमची काळी माती नुसती कोरडी होत नाही, आकसून पट्टीपासून सुटते, मध्ये हवेची फट पडते. मग लाट उलटते आणि रोहित्रात शिरते.

वळवाच्या विजा सर्वांत जोरात कडाडतात त्या एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे माती वर्षात सर्वांत कोरडी असते तेव्हा. यावर उपाय जुना आहे आणि प्रत्येक वायरमनला ठाऊक आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात पाइप ठेवलेला असतो. उन्हाळाभर आठवड्यातून एकदा त्यात बादली-दोन बादल्या पाणी ओतायचे. रोहित्र गावाच्या कडेला असले, तर समोरच्या घरातले कोणीही हे करू शकते. पण ज्या उन्हाळ्यात त्याची सर्वांत जास्त गरज असते, त्या उन्हाळ्यात पाणी टँकरने येते आणि ते घरटी मोजून मिळते. त्यातली बादली खांबाच्या बुडाशी कोणी ओतायची, हे कोणत्याही योजनेत लिहिलेले नाही.